जुन्या रिव्हॉल्वरची मोड

आमच्या विट्यात कुणी जुनं सोनं मोडायला निघालं की घरातलं शाळकरी पोरगंसुद्धा तीन गोष्टी विचारतं, टंच किती आला म्हणजे सोनं किती शुद्ध निघालं, घट किती धरली म्हणजे किती कापलं आणि रेट आजचा लावला का कालचा. गलाईवाल्यांचा भाग आहे हा. खानापूर, आटपाडी, तिकडं खटाव-माण, सगळा दुष्काळी पट्टा, इथली माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि देशभर सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या लावून बसली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेही वीस वर्षं बाहेर होते आणि मग गावी परत येऊन इथंच धंदा केला. त्यामुळं मोड म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. पण गेल्या वर्षी मी अण्णांचं जुनं रिव्हॉल्वर डीलरला देऊन त्यावर नवीन घ्यायला निघालो आणि तेव्हा कळलं की इथं टंच काढायचं मशीन नाही, रेटचा फळा नाही, समोरचा जो आकडा बोलेल तो ऐकून घ्यायचा आणि एकतर मान हलवायची नाहीतर उठून यायचं. सहा महिने गेले यात. लायसन्सवाल्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो आणि नीट कुणी सांगत नाही म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय, जरा लांबलंय.

आधी वस्तू काय होती ते सांगतो. ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर, कानपूरचं, अण्णांनी १९९८ साली रीतसर लायसन्सवर घेतलेलं. सहा काडतुसांचं, मधून मोडून उघडतं ते, ब्रिटिशांच्या वेब्ली मार्क ४ च्या धर्तीवर बनवलेलं. त्या काळात विटा ते सांगली, विटा ते कोल्हापूर माल घेऊन जायचं यायचं, कधी एसटीनं कधी जीपनं, रात्री-अपरात्री, म्हणून घेतलेलं. अण्णांनी ते एकदाही कुणावर रोखलं नाही. २०१९ मध्ये अण्णांनी सत्तरी ओलांडल्यावर माझ्या नावावर करून दिलं. ही सोय शस्त्र नियम २०१६ मध्येच आहे, लायसन्सधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो, आणि वारसाला त्याच्या नावानं वेगळं लायसन्स मिळतं. तर आता लायसन्स माझं, हत्यार माझं, पण घरात सगळे अजून ‘अण्णांचं रिव्हॉल्वर’च म्हणतात.

बदलायचं कारण एवढंच की बिजागरीत थोडा खेळ यायला लागला होता. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीनं, म्हणजे जुन्या ऑर्डनन्स बोर्डाचे तुकडे होऊन २०२१ मध्ये ज्या सात कंपन्या झाल्या त्यातली शस्त्रं बनवणारी, तिनं ‘प्रबळ’ नावाचं रिव्हॉल्वर काढलं, त्यात काडतुसं बसतात तो फिरता सिलिंडर बाजूला बाहेर येतो, मधून मोडायला लागत नाही. बोअर तेच .३२, म्हणजे काडतूस तेच. वजन साधारण ७०० ग्रॅम. मला ते पटलं.

पहिल्या डीलरकडं गेलो, गावाचं नाव सांगत नाही. त्यानं माझं रिव्हॉल्वर हातातसुद्धा घेतलं नाही, लायसन्स उघडून बघितलं, साल बघितलं आणि म्हणाला, जुनं कोण घेतंय साहेब आता, तुम्ही नवीन घेताय म्हणून वीस हजार धरतो. वस्तू न बघता! सोन्याची अंगठी हातात न घेता, कसोटीवर न घासता कुणी सोनार किंमत बोलला तर आमच्याकडं गिऱ्हाईक पायरीवरनंच परत फिरतं. मीही फिरलो.

दुसऱ्याकडं गेलो तर तिथं एकदम साठ हजार बोलला. मी खूश. घरी येऊन अण्णांना सांगितलं, तर अण्णा म्हणाले, ‘‘लेका, नवं केवढ्याला देतोय ते आधी सांग.’’ मी सांगितलं. मग अण्णांनी कागद घेतला, मी कानपूरला कारखान्याच्या विक्री विभागात फोन लावून दर विचारला, कारखान्यातनं लायसन्सधारकाला सरळ बुकिंग करता येतं त्यामुळं दर सांगतात, त्यावर टॅक्स, त्यावर डीलरची वाजवी कमाई आणि आणायचा खर्च धरला. तरी ह्या माणसानं नव्याची किंमत त्याच्या वर बत्तीस हजारांनी चढवलेली होती. म्हणजे साठातनं बत्तीस गेले, राहिले अठ्ठावीस. पहिला वीस म्हणाला तो तोंडावर म्हणाला, हा अठ्ठावीस देऊन साठ दिल्यासारखं दाखवत होता.

हे सोन्यातही चालतं. मोडीला भाव चांगला देतो म्हणायचं आणि नव्या दागिन्याच्या मजुरीत काढून घ्यायचं. त्यामुळं एक्सचेंजमध्ये ‘जुन्याला किती देता’ हा प्रश्न एकटा विचारूच नका, त्या आकड्याला स्वतःची अशी किंमत नसते. आधी फक्त नवीन वस्तूचा भाव विचारायचा, जुनं द्यायचंय हे सांगायचंच नाही, तो आकडा कोटेशनवर लिहून घ्यायचा, टॅक्ससकट. मग दुसऱ्या दिवशी, जमलं तर दुसऱ्या माणसाकडनं, फक्त जुन्याचा भाव विचारायचा, रोख घेतो म्हणून. आणि शेवटी एक्सचेंजचं बोलायचं. तिन्ही आकडे समोर असले की आपल्या खिशातनं फरक किती जातोय तेवढंच बघायचं. जुन्याला चाळीस आणि नवं दहानं स्वस्त असेल तर ते पन्नासाच्या बरोबरीचं आहे. साधी गोष्ट आहे, पण दुकानात काचेच्या आत नवीन वस्तू चमकत असते आणि आपलं मन तिच्यात अडकलेलं असतं, तिथं ही बेरीज होत नाही.

टॅक्सचं एक सांगायला पाहिजे, कारण माझ्या हातात तेच मोठं कार्ड होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर आणि पिस्तुलावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरनं ४० टक्के झाला. मूळ किंमत एक लाख धरली तर आधी वस्तू १ लाख २८ हजाराला पडायची, आता १ लाख ४० हजाराला. बारा हजार वाढले, वस्तू तीच. मग माझ्यासारखा साधा माणूस आपलं वापरलेलं हत्यार दुसऱ्या लायसन्सधारकाला विकतो त्यावर काही जीएसटी लागत नाही, म्हणजे नवीन महागलं की चांगल्या कंडिशनच्या जुन्याला मागणी वाढायलाच पाहिजे. डीलर लोक नव्याची किंमत सांगताना ४० टक्के लगेच लावतात आणि जुन्याला भाव देताना मात्र तीन वर्षांपूर्वीचा आकडा सांगतात. हे मी समोर बसून बोललो. बोलल्याशिवाय कुणी आपणहून देत नाही.

आता डीलरच्या बाजूनंही थोडं. जुन्याचा भाव एकेकाळी खरंच पडला होता आणि त्याला कारण होतं. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला, आधी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची ती दोनवर आली, आणि तिसरं वर्षभरात जमा करा नाहीतर काढून टाका असं झालं. माझ्या चुलत्यांकडं तीन होती, आजोबांच्या वेळची बारा बोअर, एक रायफल आणि एक रिव्हॉल्वर. २०२० चं साल, लॉकडाऊन, दुकानं बंद, डोक्यावर तारीख, आणि ज्याच्याकडं जावं त्याच्याकडं आधीच बारा बोअरची रांग लागलेली. त्यांनी शेवटी ती बंदूक अक्षरशः लोखंडाच्या भावात दिली. आजोबा त्या बंदुकीला दसऱ्याला हळदकुंकू लावायचे. चुलते अजून त्या दुकानावरनं जाताना मान वळवतात. तेव्हा घाईत विकायची वेळ येऊ द्यायची नाही हे मी त्यांच्याकडं बघून शिकलो. लायसन्सची मुदत संपायला आली, नूतनीकरण व्हायचं नाही असं वाटायला लागलं, घरातला धारक वारला, अशा वेळी माणूस हातघाईवर येतो आणि समोरच्याला ते कळतं. मुदत संपली आणि हत्यार ठेवायचा हक्क गेला तर ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायलाच लागतं, आणि एकदा त्या डीलरकडं जमा झालं की मग भाव तो म्हणेल तो.

दुसरी बाजू आपल्या मनाची. आमच्या ओळखीत एकाकडं इंग्लंडची वेब्ली अँड स्कॉट होती, बर्मिंगहॅमची, तिला काही लाखांत गिऱ्हाईक आलं. ते ऐकल्यापासनं आमच्या भावकीत सगळ्यांना वाटायला लागलं की जुनं म्हणजे महाग. तसं नाही हो. परदेशी हँडगन महाग आहेत कारण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासनं सामान्य माणसासाठी आयात जवळजवळ बंद आहे, जेवढ्या देशात आहेत तेवढ्याच फिरतायत. आपली ऑर्डनन्सची वस्तू कारखान्यात रोज नवीन बनते. तिच्या जुन्याची किंमत नव्याच्या खालीच राहणार, नव्याच्या वर कधीच जाणार नाही. प्रश्न एवढाच की किती खाली, आणि ते ठरतं कंडिशनवर.

कंडिशन बघायला मला शिकवलं सुभेदार काकांनी. अण्णांचे जुने मित्र, साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे, ज्या गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे तिथले, फौजेत आर्मोररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायचं, काम केलेलं. आमच्याकडं पाहुणे म्हणून आले होते तेव्हा जेवणं झाल्यावर अण्णांनी विषय काढला. काकांनी पहिलं काम काय केलं तर रिव्हॉल्वर मोडून उघडलं, काडतुसांची सहाही घरं बोट घालून तपासली, रिकामी आहेत हे मला दाखवलं, आणि परत स्वतः एकदा बघितलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायला लावली. मग टॉर्च मागितला.

नळीत मागच्या बाजूला पांढरा कागद धरून पुढनं बघितलं. आतल्या आट्या, रायफलिंग म्हणतात ते, कडेला धारदार दिसायला पाहिजेत. आमच्या दिसत होत्या, कारण फायर फारच कमी झालेलं. पण एका जागी बारीक खड्डे होते, गंजाचे. नळीत कुठं काळी गोल रिंग दिसली तर समजायचं की आत गोळी अडकलेली असताना दुसरी सुटली आणि नळी फुगली, ते हत्यार मग कुणी घेऊ नये आणि विकूही नये. तसलं काही नव्हतं. मग त्यांनी घोडा, म्हणजे मागनं काडतुसावर आपटतो तो हॅमर, अगदी हळू मागं ओढला, सिलिंडर फिरून बरोबर जागेवर खट्ट करून बसतो का, सहाच्या सहा घरांना. एका घराला घोडा पूर्ण मागं गेला तरी सिलिंडर केसभर मागं राहत होता. ‘‘हे टायमिंग बघ,’’ म्हणाले, ‘‘डीलर हे बघणार आणि ह्याच्यावरच कापणार, तुला माहीत नसलं तर दहा कापेल, माहीत असलं तर तीन.’’ मग घोडा मागं असताना वरनं अंगठ्यानं दाबून बघितला, निसटतो का. सिलिंडर पुढंमागं हलवून बघितला, नळी आणि सिलिंडरमधली फट बघितली. बंद करून बिजागरी कानाजवळ धरून हलवली. थोडा आवाज. मग नंबर. फ्रेमवरचा नंबर, नळीवरचा, सिलिंडरवरचा, आणि लायसन्सवरचा, सगळे जुळले. ह्याला ते फार मानतात, एखादा भाग बदललेला असला की भाव उतरतो आणि लायसन्सवरचा नंबर जुळला नाही तर भावाचा प्रश्नच राहत नाही, केस होते.

मग त्यांनी नळीच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुणी केलं. मी केलं होतं ते. लॉकडाऊनमध्ये घरी बसून होतो, कातडी होल्स्टरमध्ये ठेवल्यामुळं तिथं तांबूस गंजाचा डाग आला होता, आणि मी तो आमच्या दागिन्याच्या बफिंग मशीनवर काढला. डाग गेला आणि त्याबरोबर तिथला निळा-काळा रंगही गेला, ब्लूइंग म्हणतात ते, आणि कडा गोल झाली. काकांचा चेहरा बघवत नव्हता. नंबरच्या जागी चाक गेलं असतं तर, एवढंच ते म्हणाले. हत्यारावरचा नंबर किंवा खूण पुसणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे, मग तो गंज काढताना पुसला का मुद्दाम पुसला हे सांगत बसायची पाळी आपल्यावर येते. मला त्या रात्री झोप लागली नाही. गंज दिसला तर मऊ कापड, बंदुकीचं तेल, आणि जास्त असेल तर लायसन्सवाला दुरुस्तीवाला, बास. विकायच्या आधी चमकवायच्या नादाला लागू नका, घेणाऱ्याला मूळचा घासलेला रंग चालतो पण नवीन चढवलेला रंग बघितला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ह्याच्या खाली काय लपवलंय. आणि कातड्यात ठेवू नका. कातडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात, आमचा भाग कोरडा असूनही चार महिन्यांत डाग पडला, मग पाटण-महाबळेश्वरच्या पावसात काय होत असेल.

ओलीवरनं आठवलं, निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, २०२४ मध्ये आमचं दोनदा गेलं, एकदा लोकसभेला आणि एकदा विधानसभेला. तिथं ढिगात पडून असतं, त्यांचीही काही चूक नाही, जागा तेवढीच आणि हत्यारं शेकड्यांनी. मी पहिल्यांदा नुसतंच दिलं, दुसऱ्यांदा आतनं बाहेरनं तेल लावून, तेलाच्या कापडात गुंडाळून, वर नावाची आणि नंबरची चिठ्ठी बांधून दिलं आणि पावतीवर कंडिशन लिहून घेतली. दोन्ही वेळच्या पावत्या फाईलला आहेत. ह्या पावत्या विकतानाही कामाला आल्या, हत्यार सगळा काळ कुठं होतं याचा हिशोब कागदावर असला की घेणारा निर्धास्त होतो.

कागदांचं थोडक्यात. १९९८ चं मूळ बिल, कारखान्याचं खोकं, नळी साफ करायचा गज, अण्णांचं जुनं लायसन्स, माझं लायसन्स आणि त्यावरचा यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा वेगळा ओळख नंबर, वारसा हक्काचा आदेश. अण्णांनी खोकंसुद्धा जपून ठेवलं होतं, आत मेणकागद तसाच. कलेक्टर ऑफिसात शस्त्र परवान्याच्या टेबलावर आधी जाऊन विचारून घ्या, जुनं विकायचंय आणि त्या जागी नवीन घ्यायचंय असा एकच अर्ज करायचा का दोन, आणि नवीन घ्यायला मुदत किती मिळते. परवानगी हातात यायच्या आधी डीलरला ॲडव्हान्स देऊ नका. मी दोनदा चकरा मारल्या सांगलीला, फार त्रास झाला असं म्हणणार नाही, वेळ गेला.

ह्या सगळ्यात एक दिवस एक माणूस घरी आला. कुठनं कळलं माहीत नाही, मी फोटो कुठंही टाकले नव्हते आणि तुम्हीही टाकू नका, ना ग्रुपवर ना स्टेटसला. म्हणाला, दीड लाख रोख देतो, नोंदीचं बघू नंतर, तुम्ही हरवल्याची तक्रार द्या. अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही, आणि आमच्या घरात आलेल्याला चहा विचारला नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं. फक्त म्हणाले, ‘‘पाव्हणं, उठा.’’ तो गेल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. बिनापरवाना विकायला २०१९ पासून कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पण अण्णांच्या डोक्यात कायदा नव्हता, ते एवढंच म्हणाले की खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल विकताना पण आपण दावं कुणाच्या हातात देतोय ते बघतो, हे तर हत्यार हाय.

भाव काढायचा सगळ्यात खरा रस्ता मला सुभेदार काकांनी दिला. म्हणाले, डीलरला सोड, लायसन्सवाला माणूस थेट तुझ्याकडनं घेणार असेल तर किती देईल ते आधी काढ. आणि त्यांनीच त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त फौजीला विचारलं, त्याच्याकडं .३२ घ्यायची परवानगी होती. त्यानं वस्तू बघितली, टायमिंगचं आणि बफिंगचं आम्ही लपवलं नाही, सगळं दाखवलं, आणि पंचाहत्तर हजार बोलला. हा माझा आजचा रेट. फळ्यावरचा नसला तरी खऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडचा.

थेट त्यालाच का नाही दिलं असं विचाराल. थेट विकताना कलेक्टरला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायला लागतं, मला विकायचंय आणि अमक्या नावाच्या, अमक्या पत्त्याच्या माणसाला, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायला लागतं, कलम ५ मध्ये आहे ते. पंचेचाळीस दिवस मी थांबलो असतो. पण त्या फौजीचं मधेच मुलीचं लग्न ठरलं, त्यानं माफी मागून माघार घेतली, आणि त्याचं काही वाईट वाटायचं कारण नाही. रेट मात्र माझ्याकडं राहिला.

तो घेऊन तिसऱ्या डीलरकडं गेलो. हा म्हातारा माणूस, टेबलावर हिरवं कापड अंथरलं, रिव्हॉल्वर उघडून रिकामं आहे बघितलं, टॉर्च घेतला, आणि सुभेदार काकांनी जे जे बघितलं ते ते त्याच क्रमानं बघितलं. मला तिथंच बरं वाटलं. पंचेचाळीस म्हणाला. मी म्हटलं का, सांगा मला एकेक. त्यानं सांगितलं. टायमिंग, दुरुस्तीला तीन हजार. बफिंगचा डाग, पाच. नळीतले खड्डे, पाच. बिजागरी, तीन. मग उरलेलं काय? तर त्याचा नफा आणि वस्तू पडून राहायचा धोका, लायसन्स असलेलं आणि त्यावर अजून एका हत्याराची जागा रिकामी असलेलं गिऱ्हाईक यायला त्याला वर्षसुद्धा लागतं, तोवर रजिस्टर, तपासणी, तिजोरी. हे मला मान्य आहे, त्याचं पोट आहे त्यावर. मी पंचाहत्तराचं सांगितलं, सगळे दोष दाखवून आलेला आकडा आहे हेही सांगितलं, म्हणजे ते दोष त्या आकड्यात एकदा कापलेलेच आहेत, परत कापू नका. जीएसटीचं सांगितलं. मग खोकं, बिल आणि गज टेबलावर ठेवले. ते मी मुद्दाम शेवटी काढले. म्हाताऱ्यानं मेणकागद उघडला आणि जरा वेळ गप्प बसला. अठ्ठावन्न म्हणाला. मग बिल आणि खोक्याचे चार. बासष्ट. आणि नव्याचा भाव कारखान्याच्या दरावर टॅक्स आणि त्याची कमाई, आधीच्या कोटेशनप्रमाणं, एक रुपया चढवला नाही.

पंचाहत्तर आणि बासष्ट, मधले तेरा हजार. मी रात्री अण्णांबरोबर बसून परत मांडलं. पंचेचाळीस दिवसांची वाट नाही, गिऱ्हाईक शोधणं नाही, तो मधेच फिरायची भीती नाही, दोन्ही नोंदी एकाच ठिकाणी, विकलेल्याची आणि घेतलेल्याची. तेरा हजार घट धरली असं अण्णा म्हणाले, आणि घट जास्त आहे का असं मी विचारलं तर म्हणाले, जरा हाय, पण त्यानं वस्तू हातात घेऊन बघितली. पहिल्यानं न बघता बोललेल्या विसापेक्षा हे तिपटीच्या वर आहे, माझ्या मते बरोबर भाव आहे.

देताना एक गोष्ट विसरू नका, लायसन्सवर विक्रीची नोंद आपल्यासमोर करून घ्यायची, डीलरचा सही-शिक्का, तारीख, हत्याराचा नंबर, आणि त्याची वेगळी पावती, आणि ती कलेक्टर ऑफिसात आणि ठाण्यात देऊन पोच घ्यायची. ती नोंद होईपर्यंत ते हत्यार कागदावर तुमचंच असतं, उद्या त्याचं काहीही झालं तर पोलीस तुमच्या दारात येणार.

मी नोंद करून घेतली त्या दिवशी अण्णा बरोबर आले होते. त्यांनी रिव्हॉल्वर शेवटचं हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं, आणि म्हाताऱ्याला म्हणाले, सहाव्या घराला जरा मागं राहतंय, घेणाऱ्याला सांगा. म्हातारा म्हणाला, सांगतो. घरी आल्यावर अण्णांनी कपाटातनं त्यांची जाड फाईल काढली, त्यात १९८७ पासनंच्या सगळ्या मोडीच्या पावत्या आहेत, वजन, टंच, घट, रेट, आणि रिव्हॉल्वरची पावती पंच करून त्याच फाईलला लावली.